नानांनी घरी नेलेल्या दोन डिस्क

१

गुरुवारी सकाळी साडेनऊला डॉक्टरीणबाईंची पांढरी गाडी तिसऱ्यांदा आमच्या गॅरेजच्या दारात येऊन उभी राहिली, आणि दहाच्या आत, एकतीस वर्षं आमच्याकडे राबलेले नाना चोर ठरले.

मी मागच्या खोलीत जपाला बसले होते. सकाळचा जप पुरा होईपर्यंत बोलायचं नाही, हा माझा जुना नेम. त्याचा एक गुण असा, की न बोलणारं माणूस तिथं आहे हे लोक विसरून जातात. खोली आणि गॅरेज यांच्यामध्ये एक जाळीची खिडकी आहे. तिच्यातून मला सगळं दिसत होतं आणि ऐकूही येत होतं.

डॉक्टरीणबाई लहान मुलांच्या डॉक्टर. त्यांना आवाज चढवायची सवयच नाही. त्या शांतपणे सांगत होत्या, की ब्रेक दाबला की गाडी पुन्हा थरथरतेय. आधी जुन्या डिस्क झिजल्या म्हणून नव्या बसवल्या. दोन महिने गाडी छान चालली, मग थरथर सुरू झाली. पुन्हा नव्या बसवल्या. पुन्हा दोन महिने, पुन्हा थरथर.

चाकाच्या आत लोखंडाची एक जाड थाळी फिरत असते, तिला डिस्क म्हणतात. ब्रेक दाबला की दोन्ही बाजूंनी पॅड तिला चिमटीत धरतात आणि चाक थांबतं. गॅरेजवाल्याच्या घरात पस्तीस वर्षं काढल्यावर एवढं मलाही कळतं.

"मेस्त्री, मी तुम्हाला खोटं म्हणत नाही," बाई म्हणाल्या. "पण काल उतारावर स्टिअरिंग हातात राहीना. मागच्या सीटवर तापानं फणफणलेलं मूल होतं."

ह्यांचा चेहरा उतरला. कारण ह्याच बाईंनी आमचा मुलगा तीन वर्षांचा असताना मरणाच्या दारातून ओढून आणला होता. हे तडक मागच्या भंगाराच्या ढिगाकडे गेले. गेल्या खेपेला काढलेल्या दोन डिस्क तिथं टाकल्या होत्या, त्या बाईंना दाखवायच्या होत्या. ढिगात डिस्क नव्हत्या.

"नानांनी नेल्या," आमचे धाकटे भाऊजी म्हणाले. "परवा. थरथर पुन्हा सुरू झाली म्हणून बाईंचा फोन आला, त्याच संध्याकाळी. पिशवीत घालून, सायकलला अडकवून. मी बघितलं."

सुटे भाग बाजारातून आणण्याचं काम भाऊजींचं. म्हणजे डिस्क खराब निघाल्या तर पहिला शब्द त्यांनाच लागणार. त्यांनी मग उरलेलंही बोलून टाकलं: नव्या डिस्क आणून दिल्या त्या आपण; त्याच बसल्या की जुन्याच घासूनपुसून बसल्या, हे बसवणाऱ्याला ठाऊक.

ह्यांनी नानांना सगळ्यांसमोर विचारलं, नेल्यात का. नाना म्हणाले, नेल्या. कशाला, तर नाना गप्प. पुन्हा विचारलं, तरी गप्प. शेवटी हे म्हणाले, की शनिवारी बाई गाडी न्यायला येतील, तोवर डिस्क इथं आणून दाखवा, नाहीतर आपला संबंध संपला.

नानांनी कापडाला हात पुसले. एकेक बोट पुसलं. खिशातून गॅरेजच्या किल्ल्या काढून टेबलावर ठेवल्या. जाताना त्यांची नजर जाळीकडे वळली. मी तिथं आहे हे एकटे तेच विसरले नव्हते. त्या नजरेत राग नव्हता. काहीतरी गिळल्यासारखं होतं.

२

संध्याकाळी मी दोरीवरचे कपडे काढत होते. ह्यांच्या निळ्या शर्टाच्या बाहीवरचा लाल डाग दोन महिने झाले तरी गेला नव्हता, आणि मी तो नखानं खरवडत होते, तेवढ्यात सूनबाई कारखान्यातून आली.

आमची सून पंपाचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात तपासणीच्या खोलीत काम करते. तयार झालेला भाग मापात बसला तर पुढे पाठवायचा, नाही बसला तर नापास. लग्न होऊन आली त्याच आठवड्यात तिनं भिंतीवरच्या फळीकडे पाहून ती दोन मिलिमीटर कलती आहे म्हटलं होतं. भाऊजी पोट धरून हसले आणि पट्टी घेऊन आले. फळी दोन मिलिमीटर कललेली निघाली. तेव्हापासून भाऊजी तिला 'दोन मिलिमीटर' म्हणतात, आणि तिच्यासमोर कुठलीच गोष्ट अंदाजानं सांगत नाहीत.

तिला मी सकाळचं सगळं सांगितलं. नानांनी कसं केलं असेल, का केलं असेल, यातलं तिनं काहीच विचारलं नाही. तिनं विचारलं, की गाडी नेमकी कधी थरथरते, हे बाईंना कुणी विचारलं का. मी आठवून पाहिलं. कुणीच विचारलं नव्हतं. सगळे माणसावर घसरले होते, गाडी कडेला पडली होती.

"मग आई, आधी गाडीला विचारू," ती म्हणाली. चपला पायातच होत्या, तशीच ती मला घेऊन दवाखान्यात निघाली.

बाई शेवटचं मूल तपासून हात धूत होत्या. सूनबाईनं त्यांनाच रोग्यासारखं समोर बसवलं. ब्रेक न दाबता वेगात गेलं तर थरथर होते का? नाही. म्हणजे टायरचा तोल बिघडलेला नाही. हळू जाताना ब्रेक दाबला तर? जाणवत नाही. वेगात असताना दाबला तर? स्टिअरिंग हातात नाचतं. म्हणजे दोष पुढच्या चाकांत, आणि डिस्कमध्येच. डिस्क बदलल्यावर पहिल्या दिवशी कशी होती? अगदी मऊ, बाई म्हणाल्या, नव्या गाडीसारखी. मग एक दिवस एकदम सुरू झाली? नाही, हळूहळू वाढत गेली.

मधल्या काळात चाकं कुणी उघडली होती का, हा तिचा शेवटचा प्रश्न. बाईंनी ठामपणे नाही सांगितलं. हवा भरली तेवढीच.

परत येताना सूनबाई बोटांवर महिने मोजत होती. मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली, की चोरीचा माल पहिल्या दिवशीच वाईट असतो. जे पहिल्या दिवशी चांगलं असतं आणि मग रोज थोडंथोडं बिघडतं, ती चोरी नसते.

"मग काय असतं?" मी विचारलं.

"कुणीतरी चांगल्या मनानं केलेलं काहीतरी," ती म्हणाली.

३

शुक्रवारी तिनं रजा टाकली. मी जपाला बसले आणि ती जाळीपलीकडे बाईंच्या गाडीपुढे उकिडवी बसली, हातात बॅटरी घेऊन.

डिस्कच्या अगदी कडेला एक अरुंद पट्टा असतो, तिथं पॅड पोचत नाही. डिस्क जुनी असली तर मधला भाग झिजून खाली जातो आणि कडेला ओठासारखा उंचवटा उभा राहतो. ती घासून पुन्हा बसवली, तर त्या घासण्याच्या खुणा कडेवरही दिसतात. या डिस्कच्या कडा कारखान्यातून आल्या तशाच होत्या, आणि ओठ बोटाला लागेल न लागेल एवढाच. तिनं भाऊजींना बोलावून त्यांचं बोट त्या कडेवरून फिरवलं.

भाऊजी मान्य करायला तयार नव्हते, पण बोट खोटं बोलेना. डिस्क नव्याच होत्या. नानांनी नव्याच्या जागी जुन्या घातल्या नव्हत्या.

"म्हणजे मी आणलेला मालच रद्दी होता म्हण की," भाऊजी म्हणाले. आवाज चिडका होता, पण खाली भीती होती.

तिनं विचारलं, दोन्ही जोड्या एकाच दुकानातून आणल्या होत्या का. नाही, पहिली चौकातल्या दुकानातून आणि दुसरी मुद्दाम दुसरीकडून, दुसऱ्या कंपनीची. मग दोन दुकानं आणि दोन कंपन्या मिळून बरोबर दोन महिन्यांनी एकच खोडी कशी करतील? भाऊजींच्या कपाळावरची आठी मोकळी झाली. त्या घटकेपासून ते तिच्या बाजूचे झाले.

उरला टायरवाला. तो नट हवेच्या बंदुकीनं आवळतो, एक घट्ट आणि एक सैल, त्यानं डिस्क पिळली जाते, असं हे आदल्या दिवशी म्हणाले होते. टायरवाल्याला आधीच कुणकुण लागलेली असावी. सूनबाई दारात दिसताच तो म्हणाला, की या गावात गाडी खोकली तरी खापर माझ्याच डोक्यावर फोडतात. पण बाईंची चाकं त्यानं उघडलीच नव्हती, आणि बाईंनीही तेच सांगितलं होतं. तोही सुटला.

दुपारी ती माझ्याजवळ येऊन बसली. वही उघडली, पण लिहिलं काहीच नाही.

"आई, या गॅरेजातून महिन्याला वीस गाड्यांच्या डिस्क बदलून जातात. माणसं तीच, हत्यारं तीच. मग थरथर एकाच गाडीला का? बाकीच्यांना मिळत नाही असं या गाडीला काय मिळतं?"

मी तिच्याकडे पाहत राहिले. उत्तर माझ्या हातात होतं. सकाळीच मी तोच निळा शर्ट घडी घालून कपाटात ठेवला होता. पण तेव्हा मला ते दिसलं नाही, किंवा बघायचं नव्हतं.

४

नानांचं घर गल्लीच्या टोकाला, दोन खोल्यांचं. त्यांच्या बायकोनं दार उघडलं आणि मला पाहून पदर तोंडाला लावला. नाना खिडकीशी बसले होते. शुक्रवारी दुपारी घरी बसलेले नाना मी एकतीस वर्षांत पहिल्यांदा पाहत होते. हातांचं काय करावं हे त्यांना कळत नव्हतं.

सूनबाई त्यांच्या पायाशी जमिनीवरच बसली. तिनं काही आरोप केला नाही. एवढंच विचारलं, की डिस्क बसवण्याआधी आतला हब साफ केला होता का. चाकाच्या मधोमध जी सपाट लोखंडी बैठक असते तो हब. डिस्क त्याला चपखल टेकून बसते.

नाना दुखावले. वायर ब्रशनं घासून आरशासारखा केला होता, म्हणाले. दोन्ही वेळा. तळहात फिरवून पाहिला होता. आणि मग जेवायला घरी गेलो.

"जेवून आल्यावर?" तिनं विचारलं.

नाना गप्प झाले. गुरुवारी झाले होते अगदी तसेच.

तेवढ्यात त्यांच्या बायकोनं खाटेखालून जुन्या लुगड्यात बांधलेलं गाठोडं ओढून काढलं आणि सूनबाईपुढे ठेवलं. "रात्र-रात्र घेऊन बसतात," ती म्हणाली. "जावयाचंही एवढं कौतुक केलं नाही कधी." नाना तिला दटावायला उठले आणि पुन्हा बसले.

गाठोड्यात त्या दोन डिस्क होत्या. सूनबाईनं पिशवीतून मायक्रोमीटर काढला आणि डिस्क गोल फिरवत आठ ठिकाणी जाडी मोजली. सहा ठिकाणी सारखी. दोन ठिकाणी केसाएवढी कमी, आणि ती दोन ठिकाणं एकमेकांच्या बरोबर समोर. एक बाहेरच्या अंगानं झिजलेलं, दुसरं आतल्या अंगानं.

तिनं मला समजावलं ते असं. ताटाखाली एक खडा आला की ताट कलतं. डिस्कही हबवर अशीच कललेली बसली होती. नुसत्या डोळ्यांना दिसणार नाही एवढीच. पण फिरताना दर फेऱ्याला तिची एक बाजू बाहेरच्या पॅडला घासायची आणि समोरची बाजू आतल्या पॅडला. ब्रेक दाबलेला नसतानाही. दोन महिने घासून घासून त्या दोन जागा पातळ झाल्या. आता ब्रेक दाबला की पॅड जाड जागेवरून पातळ जागेवर, पातळवरून जाडवर उड्या मारत जातात. तीच थरथर.

"खडा कुठला, ते बघू," ती म्हणाली, आणि तिनं डिस्क उलटी केली.

जिथं ती हबला टेकते, तिथं एका बाजूला लाल रंगाचा जाड पापुद्रा चिकटलेला होता.

"सूनबाई," नाना हळूच म्हणाले, "हे इथंच राहू द्या. माझी चूक म्हणा आणि सोडून द्या. माझं वय झालं."

निळ्या शर्टाची बाही माझ्या डोळ्यांपुढे आली. तो लाल रंग मी दोन महिने नखानं खरवडत होते.

५

शनिवारी मी दीड तास लवकर उठून जप आटोपला. आज नऊ वाजता मला तोंड मोकळं हवं होतं.

बाई आल्या. हे, भाऊजी, सूनबाई, सगळे गाडीभोवती उभे. सूनबाईनं कारखान्यातून डायल मागून आणली होती. डायल म्हणजे घड्याळासारखं मापाचं यंत्र. त्याचं टोक डिस्कला टेकवलं आणि डिस्क हातानं फिरवली, की डिस्क जेवढी डुलते तेवढा काटा हलतो. तिनं डिस्क सावकाश फिरवली. काटा गेला आणि परत आला. सोळा, ती म्हणाली. मिलिमीटरचे शंभर भाग केले तर त्यातले सोळा. पाचाच्या आत असायला हवं.

भाऊजींनी डिस्क काढली. आतला हब लालभडक होता. रंग एकावर एक दोन हातांचा, आणि खालच्या बाजूला ओघळून गोठलेला.

सूनबाईनं खडा कुठला ते दाखवलं, डिस्क कशी कलली ते सांगितलं. आणि थांबली. रंग कुणी लावला, हे तिनं उच्चारलं नाही. सासऱ्याकडे बोट दाखवणं तिच्या जिवावर आलं होतं, आणि पुढचं वाक्य तिनं माझ्यासाठी ठेवलं आहे हे मला कळलं.

हे हबकडे बघत होते. ह्यांनी वाकून त्या गोठलेल्या ओघळावर बोट ठेवलं.

"हा रंग ह्यांनी लावलाय," मी म्हणाले. माझा आवाज मलाच परका वाटला. "बाहीवरचा डाग मी धुतलाय. नाना जेवायला गेले की गॅरेजात हे एकटेच असतात. नानांना ते माहीत होतं; मालकाचं काम म्हणून त्यांनी त्या रंगावरच डिस्क बसवल्या. म्हणून डिस्क खाटेखाली दडवून बसलेत. चोर व्हायला तयार झाले, पण गिऱ्हाईकासमोर मालकाचा हात चुकला म्हणायला नाही."

भाऊजींनी मान खाली घातली. हे ताठ उभे राहिले. मला वाटलं, आता भडकतील. पस्तीस वर्षांत चारचौघांत मी ह्यांच्याविरुद्ध शब्द काढला नव्हता.

मग हे बाईंकडे वळले आणि त्यांनी सगळं स्वतः सांगितलं. बाईंच्या गाडीला आपला एक जास्तीचा हात लागावा, तिच्या कुठल्याही भागाला गंज धरू नये, एवढंच मनात होतं. इतर गाड्यांना हे असा रंग लावत नाहीत. दुसऱ्या वेळी तर तक्रार आली म्हणून दोन हात दिले.

"बाई, तुमच्या गाडीला माझ्याच मायेनं खड्ड्यात घातलं," हे म्हणाले. "नानांचा यात कणभर दोष नाही. माझा आहे."

मला रडू येत होतं, पण लाजेनं नव्हे. आपली चूक मधल्यामध्ये कुणाच्या तरी नावावर खपत असताना ती उचलून स्वतःच्या डोक्यावर घेणारी माणसं मी फार पाहिलेली नाहीत. त्यातलं एक माझ्या घरात होतं.

बाईंनी त्या लाल हबकडे पाहिलं. मग म्हणाल्या, की जास्तीच्या औषधानं बिघडलेली मुलं त्यांच्याकडे रोज येतात, आणि आणणारी आईच असते. हे ऐकून भाऊजींना हसू आवरेना, आणि मग ह्यांनाही.

लोखंड पुन्हा उघडं पडेपर्यंत हब ह्यांनी स्वतः घासला. पातळ झालेल्या डिस्क बाजूला टाकून भाऊजींनी आणलेल्या नव्या बसवल्या. सूनबाईनं डायल लावली. काटा दोनावर जाऊन परत आला. बाई ह्यांना शेजारी बसवून उतारावर जाऊन आल्या, वेगात तीन वेळा ब्रेक दाबून. उतरल्यावर त्यांनी ह्यांच्याशी नाही, सूनबाईशी हात मिळवला आणि दवाखान्याकडे निघून गेल्या.

६

हे नानांकडे चालत गेले. गाडी घेतली नाही. मी आणि सूनबाई मागे होतो.

नाना दारातच उभे होते. टेबलावर ठेवलेल्या किल्ल्या ह्यांनी त्यांच्यापुढे धरल्या, नानांनी हात लावला, पण त्या घेतल्या नाहीत. हे म्हणाले, की गुरुवारी जे बोललो ते सगळ्यांसमोर बोललो, आता माफीही सगळ्यांसमोर मागतो, उद्या गॅरेजात. नानांनी मान हलवली.

"माफी कशाला मालक," ते म्हणाले. "ती डायल घ्या. मागून आणलेली नको, आपली घ्या. एकतीस वर्षं मी तळहातानं मापलं. हात पोचत नाही तिथं चूक राहते, हे मला सूनबाईनं दाखवलं. आणि पहिलं माप मी घेणार."

"आणि सूनबाई?" ह्यांनी विचारलं.

"तिनं बघायचं. मी चुकलो तर नापास करायचं."

सूनबाई लाजली. अशी लाजलेली मी तिला लग्नातही पाहिली नव्हती.

बुधवारी डायल आली. त्या दिवशी पहिली गाडी एका शिक्षकाची होती आणि त्याला घाई होती. नव्या डिस्क बसल्या, झालं ना, म्हणून तो सारखा घड्याळ बघत होता. ह्यांनी त्याला बाकावर बसवलं आणि सांगितलं, की आमच्याकडे आता मोजल्याशिवाय गाडी जात नाही, थांबावं लागेल. हे सांगताना ह्यांची मान अशी ताठ झाली होती, की जणू त्या माणसाला आमच्याकडे थांबायला मिळतंय हे त्याचं भाग्यच.

नाना गुडघ्यांवर बसले. सूनबाई कामावर जायच्या आधी मुद्दाम आली होती, ती त्यांच्या शेजारी. नानांनी डिस्क फिरवली, थांबले, चष्मा वर करून पुन्हा फिरवली. सूनबाईनं काही सुचवलं नाही. भाऊजीसुद्धा गप्प होते, ही खरी नवलाची गोष्ट.

"तीन," नाना मोठ्यानं म्हणाले.

सूनबाईनं वाकून पाहिलं. "तीन," ती म्हणाली. "पास."

हत्यारांच्या कपाटाशेजारची भिंत मापं लिहायला ह्यांनी आदल्या दिवशी मोकळी केली होती. हे खडू घेऊन तिच्यापाशी गेले, गाडीचा नंबर लिहिला, पुढे तीनचा आकडा लिहिला. आकड्यापुढे मोजणाऱ्याचं नाव हवं. ह्यांनी खडू खाली ठेवला नाही की स्वतः लिहिलंही नाही. हे वळले आणि ह्यांनी तो नानांच्या हातात दिला.